आधी देवाचे राज्य

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. एम. ए.चा अभ्यास मी याच ग्रंथालयाच्या लांब टेबलाशी बसून केला. त्या काळी जी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, ती येथे हाताशी आली. त्यामुळे आज आभार मानायचे ते मी, आपण नव्हे.

विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावर सोपवली होती. ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ असा ऐसपैस विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी मराठीचा अध्यापक आहे, तसाच श्रद्धेने ख्रिस्ती आहे. या दोन्ही नात्यांनी जो प्रश्न मला पुनःपुन्हा गाठतो, तोच आपल्यापुढे ठेवावा असे वाटले. ऐहिक गोष्टींपेक्षा देवाचे राज्य मोलाचे मानून जगणे म्हणजे नेमके काय करणे? आणि त्या जगण्याची किंमत कोण मोजतो?

‘राज्य’ हा शब्द बेळगावात उच्चारताना जरा जपावे लागते, हे मी जाणतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून या गावातील मराठी घरांत ‘आपले राज्य कोणते’ हा प्रश्न जेवणाच्या पाटावरही निघत आला आहे. ती वेदना खरी आहे आणि तिला हलके लेखण्याचा अधिकार मला नाही. उलट, आपण सीमेवरची माणसे असल्यामुळेच एक गोष्ट आपल्याला लवकर समजू शकेल. माणूस राहतो एका राज्यात आणि त्याचे मन बांधलेले असते दुसऱ्या राज्याशी. शुभवर्तमानात येशूने आपल्या अनुयायांकडून जी वृत्ती अपेक्षिली, ती काहीशी अशीच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा हे अध्याय ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील सहाव्या अध्यायात हा विचार येतो. कसर आणि गंज ज्याला लागू शकतो, चोर जे फोडून नेऊ शकतो, त्या संचयात जीव अडकवू नका, असे येशू सांगतो. आकाशातली पाखरे आणि रानातली फुले यांचे दाखले तो देतो, आणि शेवटी देवाचे राज्य आधी शोधा, बाकीचे मागाहून येईल, असा निर्वाळा देतो. येथे ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अन्न नको, वस्त्र नको, संसार नको, असे त्यात नाही. ज्यांच्यासमोर तो बोलत होता ती गालीलातली कष्टकरी माणसे होती. त्यांना भाकरीची गरज नाकारून चालणारच नव्हते. मुद्दा क्रमाचा आहे. दोन गोष्टींपैकी एकीला मागे सारावे लागले, तर कोणती सारायची, एवढेच तो विचारतो. हे ऐकायला सोपे वाटते, आणि म्हणूनच फसवेही आहे. प्रसंग येईपर्यंत प्रत्येकालाच वाटते की आपला क्रम बरोबर लागलेला आहे.

इतिहासाने हा क्रम अनेकदा उलटा लावलेला आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्या शेजारच्या गोमंतकात १५१० नंतर देवाचे राज्य आले ते पोर्तुगीज राज्याचे बोट धरून. देवळे पाडली गेली, १५६० मध्ये धर्मन्यायासन आले, आणि १६८४ मध्ये तर लोकांच्या भाषेविरुद्धच फर्मान निघाले. त्याच भूमीत १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मात्र साष्टीतील लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून प्रसिद्ध केले. स्वर्गासाठी त्यांनी आपला ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरला. या ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या, आणि त्यानंतर थेट १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला गेला. मधली अडीचशे वर्षे तो हस्तलिखितांतून जगला. फर्मान काढणाऱ्यांचे राज्य गेले. ओव्या मात्र राहिल्या. देवाच्या राज्याला सत्तेची काठी टेकायला लागली की ते दुसऱ्याच कोणाचे राज्य होते, हा धडा आम्हा ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये.

आता मी ज्या घराविषयी बोलायला आलो आहे, त्या घराकडे वळतो. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक तरुणपणीच कवी, वक्ते आणि संस्कृतज्ञ म्हणून ओळखले जाऊ लागले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या धनिकाचा आश्रय त्यांना लाभला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या चित्पावन ब्राह्मणाने हे करणे म्हणजे जात, आप्त, अन्नोदकाचा व्यवहार आणि समाजातील स्थान एका दिवसात गमावणे होते. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

येथवर बेताची का होईना, पण एक सोय होती. मिशनची चाकरी होती, पगार होता. १९१७ साली टिळकांनी तीही सोडली. परदेशी पैशावर उभा असलेला उपदेशक आपल्याच लोकांना परका वाटतो, हे शल्य त्यांना फार दिवस होते. त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली, साताऱ्यास मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या सेतूवरून आलो, असे ते म्हणत. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची कथा आपण सारे जाणतो. सेतू एवढ्यासाठीच म्हणायचा, की संचयाविषयीची ही उदासीनता टिळकांना परक्या देशातून आणावी लागली नव्हती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. पण त्यांची भजने आजही मराठी चर्चमधून ‘उपासनासंगीत’ हाती घेऊन गायिली जातात.

हा भाग मी वर्गात अनेक वर्षे मोठ्या उत्साहाने शिकवीत असे. एका वर्षी ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने विचारले, “सर, टिळकांनी पगार सोडला हे खरे, पण दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली?”

वर्ग हसला, मीही हसलो. परंतु तास संपल्यावर प्राध्यापकांच्या खोलीत येऊन बसलो, तेव्हा तेथे वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब रंगला होता. त्या हिशेबात मीही मन लावून भाग घेतला. घरी जाताना मात्र तो प्रश्न सोबत आला, आणि तो अद्याप गेलेला नाही.

चूल लक्ष्मीबाईंनी पेटवली होती. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेली ही मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांच्या घरी आली. नवऱ्याचा संताप, त्याचे अचानक निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, दारी आलेल्याला घरातले देऊन टाकणे, हे सारे तिने सोसले. पुढे ‘स्मृतिचित्रे’त तिने ते रडगाणे न गाता, हसत हसत लिहून ठेवले. १८९५ चा बाप्तिस्मा तिला विचारून झालेला नव्हता. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लहान मुलाला घेऊन ती नातलगांच्या आधाराने राहिली. पती जिवंत असून नसल्यासारखा, आणि लोकांच्या नजरा सतत अंगावर. टिळकांनी स्वतःसाठी निवडलेल्या क्रुसाचा एक भाग तिच्या खांद्यावर न विचारता ठेवला गेला, हे आपण लपवू नये. त्या पाच वर्षांना ‘पवित्र त्याग’ असे नाव देऊन मोकळे होणे मला आता जमत नाही. दुसऱ्याच्या नावावर केलेला त्याग हा त्याग नसतो.

परंतु कथा तेथे संपत नाही. नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्याबाबत सक्ती केली नाही, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट. मग एके दिवशी त्यांच्याच मनाने कौल दिला की जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातील अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. बालकवींसारख्या हळव्या कवीला त्यांच्या घरी आईची माया मिळाली. पगार सोडणे अवघडच. पण जन्मापासून रक्तात भिनलेले सोवळे स्वतःच्या विचाराने सोडणे मला त्याहूनही अवघड वाटते. पगार खिशातला असतो, सोवळे मनाच्या गाभाऱ्यात असते. टिळकांच्या घरात देवाचे राज्य पूर्णपणे केव्हा आले, असे मला कोणी विचारले, तर मी १८९५ चे नाव घेणार नाही. लक्ष्मीबाईंनी आपणहून पाणी घेतले त्या दिवसाचे घेईन.

टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. दहा-अकरा अध्यायांपुढे ते जाऊ शकले नाहीत. उरलेले साठांहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुरे केले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने हे केले. त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर मी एवढेच सांगेन: चूल त्यांनी पेटवली, आणि ग्रंथही त्यांनीच पुरा केला.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांनी केडगावी ‘मुक्ती’चा पसारा उभा केला. त्यांच्या हातून प्रचंड पैसा गेला. त्यांनी तो नाकारला नाही. फक्त आपल्यापाशी थांबू दिला नाही. आश्रमात विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मुलींना त्यांनी आधी भाकरी आणि हातात कला दिली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली, ती अडाणी बायकांना कळावे म्हणून. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही हातातले काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. पैसा टाळूनच देवाचे राज्य शोधावे लागते असे नाही, हे रमाबाईंकडून शिकावे.

तर मग आपल्यासारख्या पगारदार, पेन्शनदार माणसांनी काय करावे? सारे सोडून साताऱ्याला जाण्याचे धैर्य माझ्यात नाही, आणि तसे मी भासवणारही नाही. पण तीन प्रश्न मी स्वतःला विचारीत असतो. माझ्या तत्त्वाची किंमत मी मोजतो आहे, की माझ्या घरातले दुसरे कोणी? माझ्या हाती आलेली वस्तू माझ्यापाशी थांबते, की पुढे जाते? आणि मला सर्वांत जड जाणारी गोष्ट, जी बहुधा पैशात मोजता येत नाही, ती मी कधी सोडून पाहिली आहे काय? आमच्या ख्रिस्ती समाजालाही हे प्रश्न लागू आहेत. ठिकठिकाणी चर्चच्या जमिनींवरून भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात उभा राहतो, लग्नाच्या थाटासाठी कर्ज काढतो, आणि रविवारी टिळकांची भजने डोळे मिटून गातो. त्यांत मीही बसलेला असतो.

समारोप करताना पुन्हा या ग्रंथालयाकडे येतो. कसर आणि संचय यांविषयीचे येशूचे बोलणे ग्रंथपालाइतके कोणाला कळणार? वर्षानुवर्षे कपाटात बंद राहिलेल्या पुस्तकाला कसर आधी लागते. जे पुस्तक घरोघर फिरते, त्याची पाने मळतात, पुठ्ठा सुटतो, बांधणी पुन्हा करावी लागते. पण ते जगते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी देऊन ही कपाटे भरली, त्यांतील बहुतेकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या संसारातील चार पैसे बाजूला काढून, कधीही न भेटणाऱ्या वाचकासाठी त्यांनी ती पुस्तके ठेवली. त्यांपैकी ख्रिस्ती फारच थोडे असतील. परंतु ‘आधी’ या शब्दाचा अर्थ त्यांना कळला होता, असे मी मानतो. या राज्यात की त्या राज्यात, हा वाद चालू असतानाही येथील देवघेवीची खिडकी रोज उघडत राहिली. ती पुढेही अशीच उघडी राहो, एवढी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.