‘सावधान’ आणि जुना क्रोनोग्राफ

घनसावंगीजवळचें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच बारा वर्षांचा नारायण तेथून निसटला, ही आख्यायिका मराठी घरांत सर्वश्रुत आहे. त्या काळीं लग्नघटिका मोजण्यासाठीं पाण्यावर तांब्याचें घटिकापात्र सोडीत. बुडाच्या छिद्रांतून पाणी शिरून तें बुडालें, कीं एक घटिका, म्हणजे 24 मिनिटें, सरली.

घटिकापात्र मोजीत असे तो दोन क्षणांमधला अवधि. क्रोनोग्राफाचें कामही तेंच. साधें घड्याळ किती वाजले तें सांगतें. क्रोनोग्राफ किती काळ लोटला तेंही सांगतो. 1821 सालीं निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळजीनें पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतींत तबकडीवर शाईचा ठिपका उमटविणारें यंत्र वापरलें. ‘काळ लिहिणारा’ हें नांव त्यावरूनच पडलें. 1913 सालीं लोंजिन्स कंपनीनें मनगटी घड्याळासाठीं खास क्रोनोग्राफयंत्र काढलें. पुढें कांटा चालविण्याथांबविण्यास एक व शून्यावर आणण्यास दुसरी, अशा दोन कळा आल्या. कांहीं तबकड्यांवर डॉक्टरांसाठीं नाडीचे अंक असत. नाडीचे 30 ठोके मोजून कळ दाबली, कीं कांटा मिनिटाचे ठोके दाखवी.

अशा जुन्या घड्याळांना आज संग्राहकांत मोठा मान आहे, आणि मान आला कीं नक्कलही येते. फेवर ल्यूबा ही स्विस पेढी 1865 सालींच मुंबईस आली. स्विस घड्याळांचा तेथील बाजार असा जुना. परंतु निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून आणि तबकडी नव्यानें रंगवून विकलेल्या मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणूं लागले. हें नांव गौरवाचें नव्हे.

म्हणून जाणता संग्राहक तबकडीच्या झळाळीला भुलत नाहीं. तो घड्याळजीकडून मागचें झांकण उघडवून क्रमांक टिपतो. लोंजिन्ससारख्या कंपनीनें आपल्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. अमुक क्रमांकाचें घड्याळ केव्हां व कोणाकडे गेलें, हें त्यांतून पुष्कळदां कळतें. यंत्र, कवच आणि तबकडी या तिघांची साक्ष जुळली, तरच तें अस्सल.

आजोबांचें घड्याळ पेटींत असेल, तर ही गोष्ट घरोघरीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. यंत्राला तेल अवश्य द्यावें. परंतु पिवळी पडलेली तबकडी रंगवूं नये, झिजलेलें कवच घासूं नये. जुन्या चकाकत्या अंकांत रेडियम असण्याचा संभव असल्यानें तें घरीं उघडूंही नये. खरेदीची पावती, तें हातीं बांधलेलें जुनें छायाचित्र, वडीलधाऱ्यांची आठवण, हें सारें लिहून घड्याळापाशीं ठेवावें. कौतुकानें दिलेला एक रंगाचा हात साठ-सत्तर वर्षांची साक्ष पुसून टाकतो, आणि ती पुन्हां लिहितां येत नाहीं. जांबच्या नारायणानें ऐकलेला शब्द येथेंही वेळींच ऐकलेला बरा.