या मुलांचा हक्क कोण मागणार?

शाळेने आपल्या मुलाला प्रवेश नाकारला तर बाप मुख्याध्यापकांना जाब विचारतो. मुलाला मारले तर आई शाळेच्या दारात जाऊन उभी राहते. परंतु बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात वाढणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलासाठी जाब कोणी विचारावयाचा? आज मला आपल्याशी याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ नसते. कित्येकांची आई किंवा वडील हयात असतात. परंतु दारिद्र्य, आजार, व्यसन वा कलह यांमुळे घर त्यांना सांभाळू शकत नाही. अशा मुलाने कोठे राहावे, हे २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये बाल कल्याण समिती ठरविते. ते मूल काही गुन्हा करून तेथे आलेले नसते.

मुक्काम बदलला की पुष्कळदा शाळाही बदलते, आणि पहिली अडचण कागदपत्रांची येते. याबाबत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, एवढ्यावरून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. वर्षाचे काही महिने उलटून गेले, ही सबबही चालत नाही. ज्याचे शिक्षण मध्येच तुटले त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसविणे म्हणजे त्याच्यावर दया करणे नव्हे; तो त्याच्या हक्काचा भंग आहे.

दुसरी अडचण वर्गातली. ‘बालगृहाची मुले उभी राहा’ असे गुरुजींनी सहज म्हटले, तरी त्या मुलाच्या कपाळी शिक्का बसतो. वेगळे काढले जाण्याचे दुःख आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी शाळेतच भोगले आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला येऊ देणे आपल्याला शोभणार नाही. बालन्याय कायद्याने मुलाची गोपनीयता राखण्याचे आणि त्याला कमीपणा आणणारे शब्द टाळण्याचे तत्त्व घालून दिले आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी केली आहे.

आता आपण काय करावयाचे? सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तेथे आपल्यापैकीच कोणी तरी बसलेले असते. त्या सभासदाने पुढील सभेत विचारावे: आपल्या शाळेतील अशा मुलांच्या प्रगतीविषयी शिक्षक कोणाशी बोलतात? बालगृहाचे अधीक्षक किंवा प्रतिपालक यांना पालकसभेचे बोलावणे जाते काय? विशेष प्रशिक्षण प्रत्यक्षात मिळते काय? मात्र हे विचारताना मुलाचे नाव वा त्याची कहाणी सभेत मांडू नये.

तोंडी सांगून भागले नाही, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. मुलाचा छळ होत असल्याचे दिसले, तर १०९८ या क्रमांकावर विनामूल्य कळविता येते.

जे घरी करावयाचे आहे त्याला कायदा लागत नाही. आपल्या मुलाला सांगा, की शेजारी बसणाऱ्या सोबत्याला ‘तुझे आईबाप कोठे आहेत’ असे सारखे विचारू नकोस. त्याला खेळात घे, अडलेले गणित समजावून दे. बालगृहाची अनुमती घेऊन आठवड्यातून एक संध्याकाळ तेथील मुलांना वाचन शिकविणे आपल्यातील शिकलेल्या तरुण-तरुणींना सहज जमण्यासारखे आहे. परंतु अंगावर घेतलेले हे काम अर्ध्यावर सोडू नये. ज्या मुलाला अनेकांनी सोडले आहे, त्याला आणखी एक सोडून जाणारा माणूस नको आहे.