कचेरी हलली की…

व्हिक्टोरियाकालीन कचेऱ्या हा मुंबईचा विषय, त्याची परिषद भोपाळमध्ये, बेगमांच्या शहरात कशाला, असे कुणी विचारील. उत्तर सदर मंझिल. शाहजहान बेगमांनी १८९८ मध्ये ती आम दरबारासाठी बांधली. बेगम आणि राणी व्हिक्टोरिया दोघीही गेल्या १९०१ मध्येच. पुढे तिथे अनेक वर्षे महापालिकेचे कार्यालय होते, आता तिचे हेरिटेज हॉटेल झाले आहे. माझे म्हणणे एवढेच, की कचेरीची इमारत जपायची तर दगडांइतकीच तिच्यातली वर्दळही जपावी लागते.

ही भावुकता नव्हे. या इमारतींचा नकाशाच वर्दळीसाठी आखलेला असतो. मुंबईचे जुने सचिवालय घ्या. कर्नल विल्किन्स यांनी व्हेनेशियन गॉथिक धाटणीत उभारलेली ही वास्तू १८७४ मध्ये पुरी झाली. तिचे कमानदार व्हरांडे पश्चिमेला आहेत: समुद्राचा वारा आत यावा आणि ऊन बाहेरच अडावे म्हणून. आज तिथे दिवाणी व सत्र न्यायालय भरते. मुनशी गेले, पक्षकार आले. व्हरांड्याचे काम तेच राहिले. वास्तुविशारद स्टीव्हन्सची १८९३ ची मुंबई महापालिकेची इमारत तर अजून मूळ धन्याकडेच आहे. आमच्या भोपाळच्या मिंटो हॉलने मात्र धनी बदलण्यात कसर ठेवली नाही. कोनशिला १९०९ ची, म्हणजे व्हिक्टोरिया राणीनंतरची. जाणकारांनी एवढी सवलत द्यावी. लष्करी मुख्यालय, कॉलेज, १९५६ ते १९९६ विधानसभा, आणि आता कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाचे सभागृह. नवे मध्य प्रदेश राज्य झाल्यावर नागपूरहून बदलून आलेल्या मराठी कारकुनांच्या घरांत ही वास्तू अजून विधानसभाच.

यावर म्हणतील, कचेरी म्हणजे प्लायवुडची पार्टिशने, लोंबत्या वायरी, गळक्या छपरावर ताडपत्री. त्यापेक्षा हॉटेल बरे, निदान डागडुजीला पैसा येतो. आक्षेप खोटा नाही. सरकारी रंगसफेदीने जेवढे कोरीवकाम बुजवले, तेवढे पावसानेही बुजवले नसेल. पण हा दोष देखभालीच्या तरतुदीचा, वापराचा नव्हे. हॉटेल भिंत वाचवते खरे, पण दार गिऱ्हाइकापुरतेच उघडते. महापालिकेत कामाला आलेला माणूस ज्या कमानीखालून जायचा, तिथे आता त्याला काही काम उरले नाही; उद्या ती कमान खचली तर ओरड करायला तो येणार नाही. परक्या सत्तेच्या खुणा कशाला, हा दुसरा आक्षेप सदर मंझिलला लागूच पडत नाही, आणि मुंबईतही घडवणारे हात इथलेच होते.

म्हणून हॉटेल मोडा असे मी म्हणत नाही. अशा प्रत्येक वास्तूतले मुख्य दालन ठरलेल्या दिवशी कुणालाही विनाशुल्क पाहता यावे, ही अट करारातच असावी. तशा ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात मांडला जाईल; दुरुस्त्या त्याआधी लेखी द्याव्यात, ही विनंती.