घर सोडताना अनामतीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी भाड्याची नि पैशांची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण पालघर-बोईसरला हा विषय घरोघरचा आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत आहे. पोटासाठी दूरदूरची माणसे येतात आणि काम सुटले की जातात. आपल्यापैकी काहीजणींनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, काहीजणी स्वतःच भाड्याने राहतात. म्हणून मी दोघींच्याही बाजूने बोलते.

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यात ‘सहा महिने खोली सोडता येणार नाही, सोडल्यास अनामत परत मिळणार नाही’ असेही लिहिलेले असते. आमच्या आळीतल्या एका बाईच्या यजमानांचे काम सुटले आणि चौथ्याच महिन्यात त्यांना गावी परतावे लागले. महिनाभर आधी त्यांनी सांगितले होते. आठ दिवसांत खोलीत दुसरे बिऱ्हाड आले, तरी अनामतीचा एक पैसा हाती पडला नाही. मुलांना गावच्या शाळेत घालायचे ते त्याच पैशांवर. सही केली म्हणजे तोंड बंद, असे तिने धरले.

भगिनींनो, तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करारात दंड लिहिला असला तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम आधीच घेऊन ठेवलेल्या पैशांनाही लावला. तो खटला विक्रीच्या व्यवहाराचा होता, पण तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे.

आता घरमालकिणीची बाजू. खोली अचानक रिकामी झाली तर तिचेही नुकसान होते; कर्जाचा हप्ता थांबत नाही. ते तिने जरूर घ्यावे, पण हिशेबाने. समजा, भाडे सहा हजार आणि अनामत वीस हजार. न सांगता बिऱ्हाड गेले आणि खोली वीस दिवस रिकामी राहिली, त्याचे चार हजार. विजेचे बिल सातशे, फुटलेल्या काचेचे तीनशे. एकूण पाच हजार. उरलेले पंधरा हजार परत द्यावेत. भिंतीचा रंग राहून राहून उडतोच; त्याचे पैसे मागणे बरे नव्हे.

भाडेकरू भगिनीनेही रातोरात कुलूप लावून जाऊ नये. महिनाभर आधी लेखी कळवावे, पोच घ्यावी, किल्ली देताना खोली दोघींनी मिळून पाहावी.

शेवटी करार लेखी आणि नोंदलेला हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. पैसे घेतले की पावती देणेही बंधनकारक आहे.

अनामत म्हणजे ठेव. ठेवीतून झालेले नुकसान वळते करावे, ठेवच गिळू नये. करार करताना हे एक वाक्य त्यात लिहून घ्या, एवढीच माझी विनंती.