ठिगळ न लावलेले गाणे

बार्शीटाकळीच्या एका विद्यार्थ्याने परवा मला ‘स्लेयर’ या अमेरिकन मंडळींच्या मैफलींची १९९१ सालची ध्वनिमुद्रिका ऐकवली. ‘डिकेड ऑफ अ‍ॅग्रेशन’ तिचे नाव. थ्रॅश मेटल म्हणजे विजेच्या गिटारी आणि ड्रम यांची सुसाट धाव. प्रथम वाटले, मळणीयंत्रच सुरू झाले की काय! पण ऐकत गेलो. या लोकांनी मैफलीतल्या चुका मागाहून स्टुडिओत बसून दुरुस्त केलेल्या नाहीत. आपल्या वऱ्हाडातल्या खंजिरी भजनात बुवांचा आवाज फाटतो, तरी खंजिरी थांबत नाही. तोच जिवंतपणा इथे आहे. उणीव म्हणाल, तर विसावा फार थोडा. शब्द नीट कळत नाहीत. शिवाय तीन ठिकाणचे कार्यक्रम जोडलेले, त्यामुळे एकाच रात्रीची चढण सापडत नाही. तरी दुसरी तबकडी मी त्याच्याकडून मागून घेतली आहे.