गंगाधरपंत, पळसदेव आणि शेवटचा बाक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘विज्ञानकथांमधला कालप्रवास’ असं सांगितलं. फोनवर जरा शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, “जेवणाआधी ठेवू की नंतर?” नंतर ठेवलंय, म्हणजे ज्यांना डुलकी काढायची आहे त्यांची सोय झाली. पण मला सांगा, सकाळपासून आपण तरी दुसरं काय करतोय? नातवंडं झालेली माणसं एकमेकांना ‘ए बाळ्या’ म्हणून हाका मारतायत.

हा नाद मला इथेच लागला. ऑफ तासाला आपले विज्ञानाचे सर गोष्टी सांगायचे, हे आठवत असेल. जयंत नारळीकरांचं नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नाव लावलं ‘नारायण विनायक जगताप’. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. पहिला नंबर आला. नाव मोठं म्हणून बक्षीस मिळू नये, एवढीच इच्छा. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा मला आधी ही गोष्ट आठवली आणि मागोमाग आपले सर.

कालप्रवास दोन प्रकारचा, हे आधी सांगून टाकतो. पुढे जाण्याचा आणि मागे जाण्याचा. पुढचा आपल्याकडे पुराणातच आहे. राजा ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे स्थळ विचारायला जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, आणि तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात धरलेली सगळी स्थळं गेली! शेवटी बलरामाशी लग्न लागतं. आइनस्टाइनने गणित मांडून दाखवलं की घड्याळं सगळीकडे सारखी चालत नाहीत. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर बारामतीला निघालेला माणूस नकाशावर एका दिवसात कित्येक किलोमीटर भलतीकडे दिसेल. तेव्हा पुढे जाण्याला विज्ञानाची ना नाही.

मागे जाण्यात मात्र घोळ आहे. मागे जाऊन आजोबांचं लग्नच मोडलं तर मोडायला जाणारा आला कुठून? एच. जी. वेल्सने १८९५मध्ये काळयंत्र बसवून दिलं, पण ही गाठ त्यात सुटत नाही. १९५७मध्ये ह्यू एव्हरेट या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने पुंजभौतिकाचा नवा अर्थ लावला. एखाद्या घटनेच्या जितक्या शक्यता तितक्या सगळ्या घडतात, प्रत्येक आपापल्या विश्वात. हे सिद्ध झालेलं नाही. पण कथाकारांच्या हाती घबाड लागलं.

मराठीत त्याचं सोनं केलं नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये. हजार सभांचं अध्यक्षपद भूषवायला निघालेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातात सापडतात आणि दुसऱ्याच हिंदुस्थानात जागे होतात. तिथे १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले आणि कंपनी सरकार कोपऱ्यात राहिलं. आपल्या बारामतीच्या मोरोपंतांचं वय तेव्हा बत्तिशीच्या आसपास होतं. पानिपतची बातमी कऱ्हाकाठी बाबूजी नाइकांच्या वाड्यावर थडकली असेल, तेव्हा ‘ती गोळी चुकली असती तर’ हे तिथल्या माणसांच्याही मनात आलं असणारच. नारळीकरांनी फक्त त्याला शास्त्राचा आधार दिला.

वर्गात आम्हाला जिंकलेलं पानिपत आवडलं. अध्यक्षाच्या खुर्चीत परस्पर जाऊन बसलेल्या गंगाधरपंतांना त्या जगातले लोक हुसकून लावतात, यावर आम्ही खो खो हसलो. माझ्या शेजारी, शेवटच्या बाकावर बसणाऱ्याने मात्र सरांना विचारलं, “सर, त्यांचा मुलगा?” कारण गंगाधरपंत मुंबईत मुलाला शोधायला त्याच्या ऑफिसात जातात आणि त्या जगात तसा कोणी माणूसच नसतो. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, नंतर मला बोलेल. गणितात तो माझ्या पुढे होता. मी त्याच्या वहीतून उतरवलेलं आज कबूल करतो, सरांनी रागावू नये. त्याचं गाव पळसदेव, उजनीच्या पाण्यात गेलेलं. धरण १९८०मध्ये पूर्ण झालं, गाव वर सरकलं, नाव तेच राहिलं. घरची घडी काही बसेना, आणि नववीनंतर तो शाळेत आला नाही. दहावीला वर्गात पहिला मी आलो. पुढे बारामतीला प्राध्यापक झालो, आणि तीस वर्षं पोरांना समांतर विश्वं शिकवताना मला एकच विश्व दिसायचं. त्यात दहावीला तो बसलाय आणि हे भाषण तो करतोय.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी पार तळाला गेली आणि जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं. आम्ही दोघं गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालताना मी हे सगळं त्याला सांगून टाकलं. छत्तीस वर्षं राहिलेलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “त्या तुझ्या दुसऱ्या दुनियेत माझी पोरगी हाय का?” त्याची मुलगी सोलापूरला नर्स आहे. मी म्हटलं, बहुतेक नाही. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाला.

मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. त्याला शाळा सोडावी लागली ती सोडावीच लागली, लेकीमुळे ते बरोबर ठरत नाही. मी तसं म्हणालोही. तो काही बोलला नाही. मंदिराकडे पाठ करून उभा राहिला आणि दूरवर बोट दाखवलं. तिकडे सपाट चिखल आणि एक पालथी होडी, एवढंच होतं. “इथनं सरळ गेलं की चावडी. डाव्या अंगाला वळायचं. तिसरं घर आमचं.” आणि तो चालायला लागला. डाव्या अंगाला वळला. मी मागोमाग.