शांतीचा पाया : वळिवडेच्या छावणीची साक्ष



आपल्या कोल्हापुराशेजारीं घडलेली एक गोष्ट आम्ही आपणांपुढें मांडतों. पवित्र मिस्साच्या वेळीं आपण नित्य शांति मागतों. ती शांति कशावर उभी राहते, हें ह्या गोष्टीवरून दिसतें.

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे हें गांव आहे. तेथें १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारें पांच हजार माणसें तेथें राहिलीं. बहुतेक स्त्रिया व मुलें, आणि बहुतेक आपल्याच कॅथॉलिक धर्माचीं. बराकींच्या रांगा, शाळा, इस्पितळ व देऊळ मिळून तेथें एक लहानसें पोलिश गांवच वसलें होतें.

हीं माणसें इतक्या दूर कां आलीं? सप्टेंबर १९३९ मध्यें पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें आक्रमण केलें. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडांतील कांहीं लाख लोकांना आगगाडींत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आदि प्रदेशांत हद्दपार केलें. पुढें जर्मनी रशियावर उलटली, तेव्हां जुलै १९४१ मध्यें पोलिश व सोव्हिएट सरकारांत करार झाला, आणि ह्या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. इराणमार्गें त्यांतील कांहीं हिंदुस्थानांत पोहोंचले. परंतु त्या सुटकेला नांव काय दिलें होतें? ‘माफी’! ज्यांनीं कांहींएक अपराध केला नव्हता, त्यांनाच माफी! अन्याय करणारा क्षमा करणारा झाला, आणि ज्याचें घर लुटलें तो अपराधी ठरला.

पुढें फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें तीन बलाढ्य राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनीं शांततेची आंखणी केली. पूर्व पोलंडचा बहुतेक भाग सोव्हिएट संघाकडे राहिला. वळिवडेच्या बराकींतील मातांना कोणीं विचारलें नाहीं. युद्ध संपलें, पण त्यांचें गांव त्यांच्या देशांत उरलें नव्हतें. छावणी मोडल्यावर कांहीं पोलंडला परतले, तर पुष्कळ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा परमुलखांत पांगले.

सत्यही त्यांना मिळालें नाहीं. १९४० सालीं सोव्हिएट गुप्त पोलिसांनीं कातिन व इतर ठिकाणीं सुमारें बावीस हजार पोलिश बंदिवानांना ठार केलें, आणि सोव्हिएट सरकारनें दोष जर्मनांवर ढकलला. न्यूरेंबर्गच्या निकालपत्रांतही ह्या हत्याकांडाचा निवाडा झाला नाहीं. कबुली मिळाली ती १९९० सालीं, पन्नास वर्षांनीं. तोंवर किती विधवा उत्तराची वाट पाहत मेल्या असतील!

कोल्हापुरानें ह्या लोकांवर दया केली. वॉर्सा येथें कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें आदरांजली वाहिली. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण दयेनें छप्पर मिळतें; हिरावलेलें घर व दडविलेलें सत्य परत देणें हें न्यायाचें काम आहे. युद्धाच्या वर्षींच, १९३९ सालीं, परमगुरुपदीं आलेले बारावे पायस ह्यांचें बोधवाक्य यशया संदेष्ट्याच्या वचनावरून घेतलेलें होतें: शांति हें न्यायाचें कार्य होय.

कोणी म्हणेल, प्रभूनें तर क्षमा शिकविली. खरें आहे. परंतु क्षमा ज्याला जखम झाली त्यानें द्यावयाची. परक्यानें त्याच्या वतीनें नव्हे. आपल्या पापनिवेदनांतही कबुली, पश्चात्ताप व भरपाई हीं येतातच. जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत देण्याचें कबूल केलें, तेव्हांच त्याच्या घरीं तारण आलें. आणि न्याय म्हणजे सूड नव्हे. सूड साऱ्या जातीवर वा राष्ट्रावर उठतो. न्याय खरा गुन्हेगार शोधतो, आणि निरपराध्याला मोकळें सोडतो.

१९४७ च्या फाळणीनंतर त्याच वळिवडेच्या परिसरांत सिंधी निर्वासित आले, आणि आजचें गांधीनगर उभें राहिलें. एका युद्धाचे दुःखी निघतात, तों दुसरे दारीं येतात. म्हणून बंधुभगिनींनो, कोल्हापुरांत चिरनिद्रा घेणाऱ्या त्या पोलिश बांधवांच्या थडग्यांपाशीं आपल्या मुलांना न्या, आणि हा वृत्तांत त्यांना सांगा. जगांत कोठेंही तह झाल्याचें ऐकूं तेव्हां, ज्यांचीं घरें जळलीं त्यांना काय मिळालें, हें प्रथम विचारूं या. आणि सत्य व न्याय ह्यांवर उभी राहिलेली शांति साऱ्या जगाला लाभो, अशी प्रभूपाशीं प्रार्थना करूं या. आमेन.